गावची सुधारणा कोणी करावी?

गावाची सुधारणा व्हावी असे ज्यास वाटत नाही असा मनुष्य क्वचितच आढळेल. विहीर स्वच्छ असावी, रस्त्यात चिखल नसावा, मुलांस शाळा असावी, दारूने घरे बुडू नयेत, ह्या गोष्टी सर्वांसच हव्या आहेत. परंतु त्या करावयाच्या कोणी, असा प्रश्न निघाला म्हणजे एक जण सरपंचाकडे बोट दाखवितो, दुसरा सरकाराकडे पाहतो, आणि तिसरा म्हणतो, "आम्ही गरीब माणसे, आमच्याने काय होणार?" ह्या पाठात आपण त्याच प्रश्नाचा विचार करणार आहो. नुसत्या उपदेशापेक्षा उदाहरण बरे, म्हणून आपल्याच चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील काही हकीकती आम्ही वाचकांपुढे ठेवितो. ज्यास वाचता येते त्याने हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांवर सर्वांनी मोकळ्या मनाने बोलावे, अशी विनंती आहे.

तलाव कोणाचा?

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही ह्या बाजूस जो फिरला आहे त्यास धानाच्या बांध्या व त्यांच्या वरच्या अंगास असलेले जुने तलाव ठाऊक आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीपासून ते बांधिले गेले, आणि ह्या कामी कोहळी लोकांचे कौशल्य फार प्रसिद्ध होते. पाण्याचा उतार पाहून पाळ कोठे घालावी, सांडवा कोणत्या बाजूस ठेवावा, कोणत्या शेतास पाणी आधी व कोणत्यास मागून द्यावे, हे ते लोक पुस्तकावाचून जाणत होते. गावचा मालगुजार तलावावर देखरेख ठेवी, आणि उन्हाळ्यात गावकरी गाळ काढीत व पाळीवर माती घालीत.

१९५० साली मालगुजारी रद्द करण्याचा कायदा झाला व पुढील वर्षी तो अमलात आला. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. त्या व्यवस्थेत गरिबांस बेगारीचा जाच पुष्कळ होता. परंतु तलाव सरकारच्या दप्तरी लागले, आणि गावकऱ्यांच्या मनात हळूहळू असे आले की, तलाव आता आपला नव्हे. पाळीस खिंडार पडले तर अर्ज करावा व वाट पाहावी. गाळ साचत गेला, तलाव उथळ झाले, बेशरमीची झुडुपे माजली. कागदावर त्यांचे नाव "माजी मालगुजारी तलाव" असे पडले, आणि लोक त्यांस थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले.

ह्या गोष्टीत दोन धडे आहेत. एक हा की, जे काम धन्याच्या धाकाने होते ते धनी गेल्यावर थांबते. दुसरा हा की, जी वस्तू दूरच्या कचेरीची झाली ती गावात कोणाचीच राहत नाही. तेव्हा धन्यावाचून व कचेरीची वाट न पाहता गावाचे काम गावाने करावे, असा तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्या शेजारीच आहे.

मेंढा गावाची हकीकत

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना सुमारे ३० किलोमीटरवर मेंढा नावाचे लहानसे गाव लागते. शेजारच्या लेखा गावावरून त्यास मेंढा (लेखा) म्हणतात. वस्ती गोंड लोकांची, घरे सुमारे शंभर, जवळून कठाणी नदी वाहते, आणि गावाभोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे.

१९८० नंतरच्या काही वर्षांत गोदावरीवर इचंपल्ली येथे व इंद्रावतीवर भोपालपट्टणम् येथे मोठी धरणे बांधण्याचा बेत चालला होता. त्यांत पुष्कळ जंगल व कित्येक गावे बुडणार होती. तेव्हा "जंगल बचाव, मानव बचाव" ह्या नावाने मोठी चळवळ झाली. तीत बाबा आमटे होते आणि ह्या मुलुखातील हजारो आदिवासी होते. धरणांची कामे थांबली. चळवळ संपल्यावर बहुतेक ठिकाणी लोक घरी जातात व पूर्वीप्रमाणे वागू लागतात. मेंढ्याच्या लोकांनी तसे केले नाही. ज्या जंगलासाठी आपण एवढे भांडलो ते आपण स्वतः कसे राखणार आहो, असा प्रश्न त्यांनी आपणांसच घातला.

गावचे श्री. देवाजी तोफा ह्यांनी ह्या कामी पुढाकार घेतला. चंद्रपूरच्या "वृक्षमित्र" संस्थेचे श्री. मोहन हिराबाई हिरालाल अनेक वर्षे ह्या गावाबरोबर अभ्यास करीत राहिले. गावाने एक वाक्य आपलेसे केले : "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." हे वाक्य पुष्कळ लोक ऐकतात व त्याचा अर्थ बंडखोरी असा करितात. खरा अर्थ निराळा आहे. दिल्लीचे व मुंबईचे सरकारही आमचेच, पण गावातील काम करण्याची जबाबदारी कोणावर ढकलावयाची नाही, असा तो आहे.

पुढे २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. पिढ्यानुपिढ्या जे लोक जंगल वापरीत व राखीत आले त्यांचा सामूहिक हक्क ह्या कायद्याने मान्य केला. मेंढ्याच्या ग्रामसभेने आपला दावा तयार करून दाखल केला, आणि २००९ साली मेंढा व मर्दा ह्या दोन गावांस सामूहिक वनहक्क मिळाला. सबंध देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत ह्या दोहोंची गणना होते.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. बांबू ही वस्तुतः गवताची जात होय. परंतु १९२७ च्या वन कायद्यात त्यास झाडांत गणिले होते, आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपजांत घातला आहे, हे गावकऱ्यांनी वाचून ठेविले होते. त्यांनी मारामारी केली नाही व हक्कही सोडला नाही. कायद्याचे पुस्तक हाती घेऊन ते मागणी करीत राहिले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्राचे वनमंत्री श्री. जयराम रमेश व मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण हे मेंढ्यास आले, आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. एका शब्दाचा अर्थ ठाऊक असला म्हणजे गरीब गावाचे किती काम होते, हे ह्यावरून दिसते.

ह्यावरून काय शिकावे?

पहिली गोष्ट, सर्वांची संमती. मेंढ्याच्या ग्रामसभेत हात वर करून मते मोजीत नाहीत. घरटी निदान एक पुरुष व एक स्त्री बैठकीस यावी असा प्रघात आहे, आणि सर्वांचे मन वळेपर्यंत विषय पुनःपुन्हा बोलला जातो. बहुमताने निर्णय लवकर होतो हे खरे; परंतु ज्यांची मते हरली ते घरी जाऊन स्वस्थ बसतात, किंवा कामात मोडता घालितात. साठ जणांनी बांधिलेली पाळ चाळीस जण राखणार नसतील तर ती पहिल्या पुरात जाईल. सर्वांच्या संमतीस वेळ लागतो, पण मग राखणदार नेमावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, आधी अभ्यास व मग निर्णय. ह्या गावात अभ्यास मंडळ व ग्रामसभा अशा दोन वेगवेगळ्या बैठका असतात. अभ्यास मंडळात बाहेरचा मनुष्यही येतो, माहिती सांगतो, वाद करितो. तेथे निर्णय होत नाही. ग्रामसभेत निर्णय होतो, आणि तो केवळ गावकरी करितात. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. पाहुण्याचे ज्ञान घ्यावे, पण घराची किल्ली त्याच्या हाती देऊ नये. मधमाशा न मारता मध काढण्याची रीत गावाने अशाच अभ्यासातून उचलली. पूर्वी रात्री पोळे जाळून मध काढीत. त्यात माशाही जात व पुढील वर्षाचा मधही जाई.

तिसरी गोष्ट, स्वतःचा वाटा आधी. सरकारी कामांवरील मजुरीचा दहावा भाग गावकोषात घालण्याचा नियम ह्या गावाने केला. पैसा थोडा असो, पण ज्याने आपला एक रुपया घातला तो हिशेब विचारतो. ज्या कामात आपले काहीच गेले नाही त्या कामाचा हिशेब कोणी विचारीत नाही, आणि तेथेच चोरी शिरते.

चौथी गोष्ट, उद्याचा विचार. बांबूचे बेट ज्यास ठाऊक आहे तो जाणतो की, पावसाळ्यात नवे वास्ते फुटतात त्या वेळी तोड करू नये. कोवळे सोडून जून बांबू घ्यावे. आणि प्रत्येक बेटात काही जून बांबू नव्यांस आधार म्हणून उभे ठेवावे. ठेकेदारास वेळेपुरता माल हवा असतो, म्हणून तो बेट साफ करितो. गावास तेथेच राहावयाचे असते, म्हणून तो नियम पाळणे गावाच्याच हिताचे आहे. जमिनीविषयीही गावाने दूरवर पाहिले. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यास धरून २०१३ साली मेंढ्याने ग्रामदानाचा ठराव केला. ह्या कायद्याप्रमाणे शेत ज्याचे तोच कसतो, पण विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी सोडतो, आणि जमीन गावाबाहेरच्यास विकता येत नाही. शेती एकदा सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती गेली म्हणजे ग्रामसभेत बसण्यास गाव उरत नाही, हे त्यांनी ओळखिले.

पैसा सोडणारे गाव

मेंढ्याचे नाव झाले म्हणून तेथेच असे घडले असे कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे गाव आहे. २०१२ साली त्यास सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने बांबूची तोड व विक्री स्वतः केली व लोकांस घरच्या घरी मजुरी मिळाली. पण त्याहूनही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, पाचगावाने तेंदूपान तोडण्याचे बंद केले.

तेंदूपान म्हणजे उन्हाळ्यातील रोख पैसा, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. असे असता गावाने तो का सोडला? गावकऱ्यांनी विचार केला की, नवी पालवी यावी म्हणून ठिकठिकाणी आगी लाविल्या जातात व झुडुपे छाटली जातात. आगीने जंगलातील रोपे, बिया व पाखरांची अंडी जळतात. झाड वाढतच नाही, मग तेंदूचे फळ माणसांस व जनावरांस कोठून मिळणार? शिवाय ते पान विडीच्या कामी जाते आणि विडीने मनुष्याचे हित होत नाही. बांबूचे उत्पन्न हाती होते, तेव्हा हे उत्पन्न सोडण्यास ते धजले.

सर्व गावांनी असेच करावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या गावाजवळ बांबू नाही त्यास तेंदूपानावाचून गत्यंतर नसेल. गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी तेंदूपानाचा लिलाव स्वतः करण्यास आरंभ केला आणि त्यांसही लाभ झाला. आमचे म्हणणे एवढेच की, मिळविणे व सोडणे हे दोन्ही निर्णय गावाने समजून केले पाहिजेत. पैसा नाही म्हणून गाव फुटते असे आपण समजतो. खरे पाहता पैसा आल्यावर गाव फुटण्याचा धोका अधिक असतो. गडचिरोली जिल्ह्यात आता हजाराहून अधिक गावांस सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. ह्यांपैकी जी गावे हिशेब चव्हाट्यावर वाचतील ती टिकतील. जेथे हिशेब दोघा-तिघांच्या ट्रंकेत राहील तेथे जुना ठेकेदार गेला आणि गावातीलच नवा ठेकेदार आला, एवढाच फरक होईल.

काही शंका

कोणी म्हणेल, एक हट्टी मनुष्य आडवा पडला तर सर्व काम अडेल. ही शंका खरी आहे. पण हट्टी मनुष्याच्या हट्टामागे पुष्कळदा काही कारण असते. नव्या रस्त्याने त्याचा बांध तुटणार असेल, किंवा मागील कामात त्याची मजुरी बुडाली असेल. मते मोजून त्यास गप्प केले तर ते कारण कधी कळत नाही. त्याच्या घरी दोघे जण जाऊन बसले तर ते कळते, आणि बहुधा त्यावर उपायही निघतो.

दुसरा म्हणेल, मेंढा लहान गाव, एकाच जातीचे. आमच्या गावात दहा जाती व तीन पक्ष. ह्यावर उत्तर असे की, लहानापासून आरंभ करावा. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली जो पेसा कायदा झाला त्यात वाडी किंवा टोला ह्यांसही स्वतंत्र गाव मानण्याची सोय आहे, ती ह्याच कारणासाठी. मोठ्या गावातही एका टोल्याने आपली एक विहीर साफ करण्यापासून आरंभ करावा. मात्र त्या टोल्यातील एकही घर वगळू नये. ज्यांस पूर्वी विहिरीपासून दूर उभे केले जात असे त्यांस जर बैठकीतही दूर बसविले, तर त्यास गावसुधारणा म्हणता येणार नाही.

तिसरा म्हणेल, स्त्रिया बैठकीत बोलत नाहीत. त्या बोलत नाहीत, कारण आपण त्यांस विचारीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी काही वर्षे चालविलेल्या चळवळीने आली आणि तीत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पाणी कोण भरते, सरपण कोण आणते, दारू प्यालेल्याचा मार कोण खाते, हे ज्यांस ठाऊक त्यांनाच गावाच्या गरजा अधिक कळतात. वनहक्काच्या नियमांतही ग्रामसभेची निम्मी उपस्थिती हवी व उपस्थितांत निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या, असे सांगितले आहे.

ज्यास अक्षर येते त्याचे कर्तव्य

आता आमच्या वाचकांपैकी जे गावात शिकविण्याचे व वाचून दाखविण्याचे काम करितात त्यांस दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गावात ज्यास लिहिता-वाचता येते त्याच्याकडे लोक सहज येतात. अर्ज तो लिहितो, नोटीस तो वाचतो, कचेरीत तो बोलतो. ह्यात सेवा आहे आणि मोहही आहे. काही दिवसांनी लोक म्हणू लागतात, "तुम्ही ठरवाल ते खरे." हे शब्द कानास गोड लागतात, पण ज्या दिवशी ते ऐकू येतील त्याच दिवशी सावध व्हावे. मग मालगुजाराच्या जागी मास्तर बसला, आणि तलावाची गत पूर्वीचीच.

म्हणून असे करावे. कागद आला की तो एकट्याने वाचून सारांश सांगू नये. सर्वांसमक्ष सबंध वाचावा, आणि कठीण शब्दांचा अर्थ लोकांच्या बोलीत, गोंडी असो वा झाडी असो, सांगावा. सभेचा वृत्तांत लिहिल्यावर तो तेथल्या तेथे वाचून दाखवावा व मग सह्या-अंगठे घ्यावे. कोऱ्या कागदावर कोणाचाही अंगठा घेऊ नये. रोकड एकाकडे असेल तर वही दुसऱ्याकडे असावी. आणि दोन तरुणांस, त्यांत एक मुलगी असावी, हे काम शिकवून ठेवावे. म्हणजे आपली बदली झाली किंवा आपण आजारी पडलो तरी गावाचे काम अडणार नाही. ज्याच्यावाचून अडत नाही तोच चांगला शिक्षक होय.

गावची सुधारणा कोणी करावी ह्या प्रश्नाचे उत्तर आता कठीण नाही. ज्यांस त्या गावात राहावयाचे आहे त्या सर्वांनी, एकत्र बसून, समजून घेऊन, हिशेब उघडा ठेवून ती करावी. सरकाराने मदत करावी, शिकलेल्याने माहिती द्यावी, पाहुण्याने सल्ला द्यावा. पण पाळीवर पहिली टोपली गावाचीच पडली पाहिजे.

बैठकीत बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात पूर्वी सर्वांनी मिळून राखलेली अशी कोणती वस्तू होती? ती आज कोणाची मानिली जाते, व तिची स्थिती कशी आहे?

२. मागील वर्षी गावात जे काम झाले त्याचा निर्णय कोणी केला? त्या वेळी कोणती घरे बैठकीत नव्हती, आणि का नव्हती?

३. गावच्या कोणत्या कामाचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचला गेला? वाचला गेला नसेल तर तो कोणी व केव्हा वाचावा?

४. पाचगावाने एक उत्पन्न सोडले. उद्याच्या हितासाठी आपल्या गावाने सोडावी अशी कोणती गोष्ट आहे?

५. पुढील अमावास्येच्या आत आपला टोला कोणाचीही वाट न पाहता करू शकेल असे एक लहान काम ठरवावे. ते सर्वांच्या संमतीने ठरेपर्यंत बैठक चालू ठेवावी; एका रात्रीत न ठरल्यास दुसऱ्या रात्री पुन्हा बसावे.